झोंबी, झुंज आणि संघर्ष : शारीरिक झटापटीच्या शब्दांचा अर्थविचार

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठी समीक्षेत 'संघर्ष' या शब्दाइतका सैलपणे वापरला जाणारा शब्द क्वचितच आढळेल. नाटकातील दोन इच्छांचा विरोध हा संघर्ष, कादंबरीतील नायकाचे दारिद्र्याशी चाललेले झगडणे हा संघर्ष, दलित आत्मकथनातील अनुभव हाही संघर्षच आणि कवीच्या मनातील द्विधा अवस्था म्हणजे 'आंतरिक संघर्ष'. एकच शब्द इतक्या भिन्न अनुभवांना लावला जातो, तेव्हा त्या अनुभवांतील भेद पुसट होतात. वास्तविक मराठी भाषेजवळ दोन देहांच्या भिडण्याचे वर्णन करणारे शब्द विपुल आहेत. झटापट, झोंबी, झुंज, कुस्ती, हातघाई, झोंटधरणी, मारामारी, धक्काबुक्की, ओढाताण हे त्यांपैकी काही. त्यांपैकी प्रत्येकाचे मूळ वेगळे आहे, व्याकरण वेगळे आहे आणि म्हणून लक्षणेने वापरताना त्यातून निघणारा अर्थही वेगळा आहे.

या शब्दकुळाचा विचार करण्यास एक इंग्रजी शब्द सोयीचा ठरतो. तो म्हणजे 'टसल'. मुंबईच्या बोलीतून मराठी वृत्तपत्रांत 'दोन नेत्यांत टसल' अशा रूपाने तो स्थिरावला आहे आणि त्याचे मूळ इंग्रजी शब्दातच असावे असे दिसते. मराठीत त्याचा अर्थ चुरस, ईर्ष्या असा झाला असला, तरी इंग्रजीत तो प्रथम शारीरिक ओढाओढीचा शब्द आहे. त्याच्या मुळाशी गेल्यास मराठी आणि संस्कृत शब्दांवर अनपेक्षित प्रकाश पडतो. प्रस्तुत विवेचनात रत्नागिरी जिल्ह्याचा उल्लेख वारंवार येतो, त्याला कारण आहे. मराठी व्याकरणाची मांडणी, भाषाशुद्धीचा वाद आणि संघर्षप्रधान म्हणून वाखाणली गेलेली प्रादेशिक कादंबरी या तिन्ही गोष्टींचे धागे या जिल्ह्याशी जुळलेले आहेत.

२. 'टसल' आणि त्याचे भाऊबंद

इंग्रजी 'टसल' हा शब्द 'टाउझल' या क्रियापदाशी संबद्ध आहे. 'टाउझल' म्हणजे केस विस्कटणे. दोन्हींच्या मागे 'टाउझ' हे जुने क्रियापद असून त्याचा अर्थ ओढून, खेचून विस्कटून टाकणे असा आहे. जर्मन भाषेतील 'त्साउझन' हे क्रियापदही त्याच कुळातले. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या बोलींत हे रूप विशेष रुळले होते. म्हणजे 'टसल' या शब्दाच्या तळाशी एकमेकांचे केस धरून ओढणारी दोन माणसे उभी आहेत.

हे उदाहरण एकाकी नाही. 'फाइट' हा इंग्रजीतील लढाईचा सर्वसामान्य शब्दसुद्धा लोकर वा केस उपटणे या अर्थाच्या प्राचीन इंडो-युरोपीय धातूपासून आला असावा, असे मत भाषाशास्त्रज्ञांनी मांडले आहे. पापणीच्या केसांसाठी असलेला संस्कृत 'पक्ष्मन्' हा शब्द त्याच धातूशी जोडला जातो. 'रेसल' म्हणजे कुस्ती खेळणे, हे क्रियापद पिळणे वा मुरगळणे या अर्थाच्या 'रेस्ट' या क्रियापदावरून बनले. 'स्कफल' हा शब्द ढकलणे या अर्थाच्या स्कँडिनेव्हियन शब्दाशी निगडित आहे. 'ग्रॅपल' या शब्दाचा उगम जुन्या फ्रेंच भाषेतील आकडा या अर्थाच्या शब्दात आहे. 'स्ट्रगल' हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस आढळू लागतो, मात्र त्याचे मूळ अनिश्चित मानले जाते.

या शब्दांच्या अर्थाकडे पाहिल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. अमूर्त 'लढणे' आधी आणि मूर्त कृती नंतर असा क्रम येथे नाही. आधी हात कोठे पडला, त्याने काय केले, हे आहे : धरले, ओढले, पिळले, ढकलले. लढण्याचा सामान्य अर्थ त्यातून पुढे विकसित झाला. रूपाकडे पाहिल्यास दुसरी गोष्ट दिसते. टसल, रेसल, स्कफल यांच्या अंती येणारा 'ल' हा क्रियेची पुनरावृत्ती दाखवणारा प्रत्यय आहे. एकदा ओढणे म्हणजे 'टाउझ', पुन्हा पुन्हा ओढणे म्हणजे 'टसल'. इंग्रजीने झटापटीकडे वारंवार घडणारी क्रिया या दृष्टीने पाहिले. ती क्रिया किती जण करतात, याची नोंद या प्रत्ययात नाही.

३. केशाकेशि : परस्परतेचे व्याकरण

संस्कृत व्याकरणपरंपरेने नेमकी ही नोंद केली आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत (२.२.२७) एका विशिष्ट बहुव्रीहीचे विधान आहे. त्याची परंपरागत उदाहरणे केशाकेशि, दण्डादण्डि, मुष्टीमुष्टि ही होत. एकाच रूपाची दोन पदे एकत्र येऊन 'हे युद्ध घडले' असा अर्थ दर्शवतात. अशा समासाला लागणारा प्रत्यय पाणिनीने अन्यत्र (५.४.१२७) सांगितला असून त्याची अट 'कर्मव्यतिहार', म्हणजे क्रियेची देवघेव, अशी आहे. पुढील व्याकरणग्रंथांत या समासाला व्यतिहार बहुव्रीही हे नाव पडले.

या विधानातील एक बारकावा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. समासातील पदे सप्तमीत असतील, तर अर्थ 'धरून' असा होतो. एकमेकांच्या केसांच्या ठायी धरून जे युद्ध चालते, ते केशाकेशि. पदे तृतीयेत असतील, तर अर्थ 'प्रहार करून' असा होतो. एकमेकांवर दंडांनी प्रहार करून जे युद्ध चालते, ते दण्डादण्डि. म्हणजे शारीरिक झुंजीचे दोन मूलभूत प्रकार, पकड आणि प्रहार, या व्याकरणाने विभक्तीच्या आधारे वेगळे केले. केशाकेशि हा 'टसल'चा तंतोतंत अर्थबंधू ठरतो. फरक इतकाच की इंग्रजीने पुनरावृत्तीचा प्रत्यय लावला, तर संस्कृतने शब्दच दोनदा योजला. दोन पदे म्हणजे दोन माणसे.

मराठीने ही घडण संस्कृतातून केवळ उसनी घेतली नाही, तर तिला स्वतःच्या शब्दनिर्मितीचा जिवंत साचा बनवले. मारामारी, गुद्दागुद्दी, ढकलाढकली, झोंबाझोंबी, ओढाओढी, कापाकापी, फेकाफेकी, शिवाशिवी ही सर्व त्या साच्यातील रूपे. पहिल्या पदाच्या अंती 'आ' आणि दुसऱ्याच्या अंती 'ई' अशी त्यांची बांधणी असून बोलणाऱ्याला नवा शब्द आयत्या वेळी पाडता येतो. क्रिकेटच्या मैदानावर चेंडू हिसकावून घेणारी मुले 'खेचाखेची' करतात, ती कोणत्याही कोशाची वाट न पाहता. तोंडी भांडणही याच साच्यात बसते. 'बाचाबाची'चा संबंध वाचेशी जोडला जातो. 'हमरीतुमरी'त तर 'हम' आणि 'तुम' ही सर्वनामेच समोरासमोर उभी आहेत.

मराठी शब्दसिद्धीचा विस्तृत शास्त्रीय विचार ज्या ग्रंथात झाला, तो 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) हा ग्रंथ मोरो केशव दामले यांचा. रत्नागिरीजवळच्या मालगुंडच्या दामले घराण्यातील मोरो केशव हे कवी केशवसुतांचे धाकटे बंधू होत. मराठी व्याकरणाचा संसार संस्कृताच्या चौकटीत किती बसवावा आणि कोठे मराठीचे स्वतंत्र वळण मान्य करावे, हा प्रश्न त्या पिढीपुढे होता. व्यतिहाराचा साचा या प्रश्नाचे नमुनेदार उदाहरण आहे. संस्कृतातील 'इ'कारान्त रूप अव्ययासारखे वागते. मराठीतील 'मारामारी' मात्र पूर्ण स्त्रीलिंगी नाम आहे. तिला विभक्ती लागते, विशेषण लागते, अनेकवचन होते. नियम संस्कृताशी नाते सांगतो, व्यवहार मराठीचा आहे.

केसांची पकड मराठीतही स्वतंत्र शब्दाने टिकून आहे. 'झोंट' म्हणजे डोक्यावरचे मोकळे, वाढलेले केस. एकमेकींचे केस धरून केलेले भांडण ती 'झोंटधरणी'. झिंज्या धरणे, झिंज्या उपटणे हे वाक्प्रचार त्याच चित्राचे. केशाकेशि या शब्दाला लिंगभेद माहीत नाही. मराठी लोकव्यवहाराने झोंटधरणी बहुतांशी बायकांच्या वाट्याला दिली आणि तिच्यात उपहासाची छटा मिसळली. पुरुषांची ती झुंज आणि बायकांची ती झोंटधरणी, हा भेद भाषेचा नसून समाजाचा आहे. शब्दाच्या अर्थविचारात त्याची दखल घ्यावी लागते.

४. कमरेची पकड : कुस्ती आणि भाषाशुद्धीचा वाद

केसांनंतर पकडीचे दुसरे स्थान कंबर. 'कुस्ती' हा शब्द फारसीतून मराठीत आला. मध्ययुगीन इराणी भाषेतील 'कुस्तीग' म्हणजे कमरेला बांधायचा पट्टा. पारशी धर्मीयांच्या कमरेभोवतीच्या पवित्र दोऱ्याला 'कुस्ती' म्हणतात, ते याच शब्दाचे रूप. प्रतिस्पर्ध्याच्या कमरपट्ट्याला हात घालून त्याला उचलायचे वा पाडायचे, या खेळावरून पट्ट्याचे नाव खेळाला मिळाले, अशी उपपत्ती दिली जाते. धार्मिक दोरा आणि लाल मातीतील डाव या दोहोंचे नाव एक असणे हा योगायोग नाही.

आखाड्याची परिभाषा तपासल्यास मराठीचा इतिहासच समोर येतो. 'मल्ल' संस्कृत आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. 'आखाडा' हा संस्कृत 'अक्षवाट' शब्दाचा प्राकृतमार्गे आलेला वंशज. 'तालीम' अरबी असून तिचा मूळ अर्थ शिक्षण. 'कसरत' हीदेखील अरबी. तेथे तिचा अर्थ विपुलता असा आहे, म्हणून पुन्हा पुन्हा केलेला व्यायाम. 'पैलवान', 'वस्ताद', 'जोर' हे फारसीतून आलेले. 'पेच' फारसी असून त्याचा अर्थ पीळ. 'रेसल' या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी पिळण्याचीच क्रिया आहे, हे वर आलेच आहे. दोन असंबद्ध भाषिक प्रवाहांनी कुस्तीच्या डावात एकच गोष्ट पाहिली. पुढे पेच देहातून सुटला आणि 'राजकीय पेच', 'पेचप्रसंग' असा बुद्धीच्या प्रांतात गेला.

'दंगल' या शब्दाचा प्रवास वेगळा आहे. हिंदीत दंगल म्हणजे कुस्त्यांचा जंगी सामना. मराठीत कुस्त्यांच्या संदर्भात हा शब्द अजून ऐकू येत असला, तरी त्याचा प्रमुख अर्थ जमावाचा हिंसाचार हा आहे. नियमांनी बांधलेल्या झुंजीचा शब्द नियम मोडणाऱ्या झुंजीला लागला. दोन्हींमध्ये समान आहे तो जमाव.

या मिश्र परिभाषेचा प्रश्न रत्नागिरीत एका वेगळ्या संदर्भात उपस्थित झाला. वि. दा. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. भाषाशुद्धीची चळवळ त्यांनी याच काळात नेटाने चालवली. फारसी-अरबी आणि इंग्रजी शब्दांच्या जागी संस्कृतोद्भव शब्द योजावेत, हा त्या चळवळीचा आग्रह होता. तिच्याविरुद्ध सर्वांत समर्थ प्रतिवाद केला तो 'फारसी-मराठी कोश' (१९२५) सिद्ध करणाऱ्या माधव जूलियन यांनी. त्यांचा 'भाषाशुद्धि-विवेक' १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी काही वर्षे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केले, म्हणजे तालमींच्या शहरात.

या वादाच्या कसोटीवर आखाड्याची परिभाषा लावून पाहणे उद्बोधक ठरते. शासनव्यवहारात, शिक्षणात आणि मुद्रणात संस्कृतोद्भव शब्द मोठ्या प्रमाणावर रुजले. तेथे शब्द लेखणीतून येतो आणि आदेशाने बदलू शकतो. 'मल्लयुद्ध', 'मल्लविद्या' हे शब्द ग्रंथांत होते, आजही आहेत. पण तालमीत शिरणारा मुलगा कुस्तीच खेळतो, वस्तादाच्याच पाया पडतो आणि जोरबैठकाच काढतो. देहाने शिकलेले शब्द देहाबरोबर पुढच्या पिढीकडे जातात. त्यांना पर्याय सुचवता येतो, पण त्या पर्यायाला अंगवळणी पडायला जागा मिळत नाही. भाषाशुद्धीच्या यशापयशाचा विचार करताना शब्दाचे मूळ कोणते, या प्रश्नाइतकाच तो कोठे वापरला जातो, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

५. झुंज आणि झोंबी

'झुंज' हा या कुळातील जुना मराठी शब्द. संस्कृत 'युध्' धातूच्या 'युध्यते' या रूपापासून प्राकृतात 'जुज्झइ' झाले आणि त्यातून मराठी 'झुंजणे'. ज्ञानेश्वरीत (१२९०) अर्जुनाच्या युद्धाच्या संदर्भात झुंज आणि झुंजणे ही रूपे सहजपणे येतात. म्हणजे 'युद्ध' हा तत्सम आणि 'झुंज' हा तद्भव, दोन्ही एकाच धातूचे. त्यांच्या अर्थांत मात्र कालांतराने वाटणी झाली. युद्ध सैन्यांचे, झुंज दोघांची. कोकणात कोंबड्यांची झुंज लावतात, युद्ध लावत नाहीत. झुंजीत दोन्ही पक्ष दिसावे लागतात, ते तुल्यबळ असावे लागतात आणि निकाल अनिश्चित असावा लागतो. 'एकाकी झुंज' या शब्दप्रयोगात करुण आणि वीर यांचा मिलाफ होतो, तो या अपेक्षेच्या भंगामुळे.

'झोंबी'ची जात वेगळी आहे. ती 'झोंबणे' या धातूपासून बनली. झोंबणे म्हणजे बिलगणे, अंगाशी अंग भिडवून पकडणे. त्याचबरोबर झोंबणे म्हणजे चुरचुरणे. मिरची जिभेला झोंबते, थंडगार वारा अंगाला झोंबतो, बोलणे मनाला झोंबते. 'झुंजणे' या क्रियापदाला 'शी' लागतो, 'झोंबणे' या क्रियापदाला बहुधा 'ला'. झुंजणारा समोर असतो. झोंबणारा चिकटलेला असतो. म्हणून झोंबी हा पकडीचा शब्द आहे, आणि पकड सुटल्यानंतरही आग उरते, याची जाणीव त्याच्या पोटात आहे.

'हातघाई'त प्रहार आहे. येथील 'घाई'चा संबंध त्वरेपेक्षा 'घाय' म्हणजे घाव, संस्कृत 'घात', याच्याशी आहे. ऐतिहासिक लेखनात तोफा-बंदुकांचे अंतर संपून फौजा एकमेकींत मिसळल्या की लढाई हातघाईवर येते. आजच्या बोलण्यात वाद हातघाईवर येतो, तेव्हा शब्दांचे अंतर संपलेले असते. 'झटापट' मात्र ना पकडीची ना प्रहाराची. झटका, झटकन, झटकणे या ध्वनिकुळातील हा शब्द वेग आणि अनियमितता सुचवतो. झटापट अल्पकाळ चालते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या विरोधाला झटापट म्हणता येत नाही.

पकड आणि प्रहार या भेदाबरोबर आणखी एक भेद मराठीने जपला आहे : परस्पर आणि एकतर्फी. 'मारामारी'त दोघेही मारतात. 'मारहाणी'त एक मारतो आणि दुसरा मार खातो. पोलिसांकडील फिर्यादीत 'लाथाबुक्क्यांनी मारहाण केली' अशी तृतीयेची रचना येते. दण्डादण्डीतील तृतीया तीच, पण दुसरे पद नाहीसे झालेले. 'दोन गटांत हाणामारी' असा मथळा आणि 'जमावाकडून मारहाण' असा मथळा यांत केवळ शैलीचा फरक नाही. घटना एकच असली, तरी पहिला मथळा दोष वाटून टाकतो, दुसरा तो एका बाजूवर ठेवतो.

६. 'संघर्ष' : घर्षणापासून लढ्यापर्यंत

या पार्श्वभूमीवर 'संघर्ष' या शब्दाकडे वळता येईल. 'घृष्' म्हणजे घासणे. 'संघर्ष' म्हणजे एकमेकांवर घासले जाणे. बांबूवर बांबू घासून वणवा पेटतो, ही संस्कृत काव्यातील परिचित कल्पना. तेथे संघर्ष हा शब्द अक्षरशः घर्षणाच्या अर्थी येतो. त्यावरून स्पर्धा, ईर्ष्या हे अर्थ संस्कृतातच विकसित झाले. मराठीत याच धातूचे वंशज 'घासणे' आणि 'घसट' हे होत. 'त्या दोघांची चांगली घसट आहे' असे म्हणताना जवळीक अभिप्रेत असते. एकाच घर्षणातून एकीकडे मैत्रीचा शब्द निघाला, दुसरीकडे विरोधाचा.

संघर्ष या शब्दाला आजचा व्यापक अर्थ मिळाला तो इंग्रजी शिक्षणानंतरच्या काळात. जीवशास्त्रातील अस्तित्वासाठीच्या धडपडीची कल्पना मराठीत आली, तेव्हा तिला 'जीवनकलह' हा शब्द मिळाला. समाजवादी विचारातील वर्गांच्या विरोधासाठी 'वर्गकलह' आणि 'वर्गविग्रह' हे शब्द वापरात होते. कलह म्हणजे भांडण. त्याला दोन पक्ष लागतात आणि त्याला किंचित निंदाव्यंजक छटाही आहे. पुढे या जागा 'जीवनसंघर्ष' आणि 'वर्गसंघर्ष' यांनी घेतल्या. नाट्यसमीक्षेत पाश्चात्य विचारातील विरोधतत्त्वासाठी हाच शब्द रूढ झाला. 'संघर्ष' तत्सम होता, गंभीर होता, निंदेपासून मुक्त होता. इंग्रजीतील 'स्ट्रगल' आणि 'कॉन्फ्लिक्ट' हे दोन निराळे अर्थ त्याने एकट्याने उचलले. मराठी शब्दाच्या अतिव्याप्तीचे मूळ येथे आहे.

यात एक व्याकरणिक बदल दडलेला आहे. 'त्यांच्यात झटापट झाली', 'दोघांची कुस्ती लागली', 'कोंबड्यांची झुंज लावली' या वाक्यांत दोन पक्ष अनिवार्य आहेत. 'त्याने झटापट केली' एवढेच म्हटले तर ऐकणारा 'कोणाशी?' असे विचारतो. परंतु 'तिने आयुष्यभर संघर्ष केला' हे वाक्य पूर्ण वाटते. तेथे प्रतिपक्ष सांगावा लागत नाही. ज्या शब्दाच्या पोटात 'एकमेकांवर' हा अर्थ मुळात होता, त्याने व्यवहारात दुसरा पक्ष गमावला. 'तो सध्या स्ट्रगल करतोय' हा नाट्य-चित्रपटसृष्टीतील मराठी प्रयोग याच बदलाचे शेवटचे टोक होय. तेथे कोणाशी हा प्रश्नच उद्भवत नाही.

७. समीक्षेतील उपयोजन

शब्दांचे हे भेद केवळ कोशकाराच्या कुतूहलाचे नाहीत. साहित्यकृतीच्या आकलनात त्यांचा प्रत्यक्ष उपयोग होतो. त्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली परिसराचे जीवन रेखाटणाऱ्या श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबऱ्या उदाहरणादाखल घेता येतील. त्यांच्या पहिल्या कादंबरीचे नाव 'एल्गार' (१९४९). एल्गार म्हणजे वेगाने केलेली चाल, मुसंडी. 'गारंबीचा बापू' (१९५२) मधील बापू खोताच्या वर्चस्वाला आणि गावाच्या मताला जुमानत नाही. येथे दोन पक्ष स्पष्ट आहेत, ते समोरासमोर आहेत आणि बापूची ताकद गावाला मान्य करावी लागते. हा अनुभव झुंजीचा आहे.

'रथचक्र' (१९६२) या कादंबरीतील थोरलीचा अनुभव तसा नाही. मुलांच्या शिक्षणासाठी ती एकत्र कुटुंबातून बाहेर पडते आणि परिस्थितीशी टक्कर घेत राहते. तिच्यासमोर एक असा प्रतिस्पर्धी उभा नाही. नावातील प्रतिमा जमिनीत रुतलेल्या कर्णाच्या रथचक्राची आहे. चाक वर ओढायचे, पृथ्वीने ते खाली खेचायचे, ही ओढाताण आहे. बापू आणि थोरली या दोघांनाही 'संघर्ष' हा एकच शब्द लावला, की पेंडशांनी दोन कादंबऱ्यांत दोन वेगळ्या प्रकारचे बळ रेखाटले आहे, ही गोष्ट नजरेआड होते.

आनंद यादव यांनी आपल्या आत्मचरित्रात्मक कादंबरीला 'झोंबी' (१९८७) हे नाव दिले. तिला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकू पाहणारा मुलगा आणि त्याला शेतात राबवू पाहणारा बाप यांचे नाते तिच्या केंद्रस्थानी आहे. बाप परका नाही. तो अंगाला चिकटलेला आहे, त्याच्यापासून सुटायचे आहे आणि सुटताना आग होणार आहे. 'झुंज' म्हटले असते तर बाप केवळ शत्रू ठरला असता. 'संघर्ष' म्हटले असते तर तो अदृश्य झाला असता. 'झोंबी'ने पकड आणि चुरचुर दोन्ही ठेवली. शीर्षकाचा हा अर्थ उलगडल्याशिवाय कादंबरीतील बापलेकांच्या नात्याचे वर्णन पूर्ण होत नाही.

सर्वांत अधिक सावधगिरी हवी ती दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांबाबत. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) यांच्या विवेचनात 'संघर्ष' हा शब्द सर्रास येतो. तो लेखकाच्या ताठ मानेचा गौरव करतो, हे खरे. परंतु 'उचल्या'त पोलिसांकडून होणारी मारहाण ही मारामारी नाही. तेथे दुसऱ्या पक्षाला हात उचलण्याची मुभाच नाही. अशा प्रसंगाला संघर्ष म्हटले की व्याकरणातून एक खोटी समता आत शिरते, जणू दोन्ही बाजूंनी काही दिले-घेतले गेले. जेथे कर्मव्यतिहार नाही, तेथे व्यतिहाराचा शब्द लावणे हे अर्थदृष्ट्या चूक आणि वाङ्मयीन न्यायाच्या दृष्टीने गंभीर आहे. याच आत्मकथनांत शिक्षणासाठी, संघटनेसाठी, स्वाभिमानासाठी केलेला प्रतिकारही आहे आणि त्याला लढा वा झुंज हे शब्द योग्य आहेत. मार खाण्याचा अनुभव आणि लढण्याचा अनुभव एकाच लेखनात शेजारी असतात. समीक्षकाचे काम त्यांची सरमिसळ न करता एकातून दुसरा कसा उभा राहिला, हे दाखवण्याचे आहे.

८. समारोप

इंग्रजी 'टसल'पासून सुरू झालेला हा विचार तीन निष्कर्षांपाशी येतो. पहिला असा की शारीरिक झुंजीचे शब्द त्यांच्या मुळाशी हाताचा स्पर्श जपतात. केस धरणारे केशाकेशि, झोंटधरणी आणि टसल, कंबर धरणारी कुस्ती, पिळणारे पेच आणि रेसल, घाव घालणारी हातघाई, चिकटणारी झोंबी. दुसरा असा की इंग्रजीने या क्रियेत प्रामुख्याने पुनरावृत्ती पाहिली, तर संस्कृत आणि मराठीने परस्परता. मराठीच्या व्यतिहाराच्या साच्यात दुसऱ्या माणसाला जागा राखलेली आहे आणि 'मारहाणी'सारख्या शब्दात ती जागा रिकामी असल्याचेही भाषा सांगते. तिसरा असा की 'संघर्ष' या शब्दाने ही दोन्ही वैशिष्ट्ये, स्पर्श आणि परस्परता, मागे टाकून सर्वव्यापी रूप धारण केले.

'संघर्ष' हा शब्द समीक्षेतून वगळावा, असा याचा अर्थ नव्हे. विचारव्यूहांच्या, वर्गांच्या आणि मूल्यांच्या विरोधासाठी तो आवश्यक आहे. परंतु व्यक्तींच्या अनुभवाविषयी लिहिताना तो लेखणीवर येताच दोन प्रश्न विचारणे उपयुक्त ठरेल : हा संघर्ष कोणाशी, आणि हात कोणाकोणाचे उठले? या प्रश्नांचे उत्तर देताना झुंज, झोंबी, ओढाताण, मारहाण यांपैकी एखादा शब्द आपोआप पुढे येईल, आणि साहित्यकृतीविषयी अधिक नेमके काही म्हणता येईल.